प्राणांक आणि मर्म : भूमिकाखेळांतील प्राणांतिक घावाचे नियम

कळवण तालुक्यातील सप्तशृंग गडावर पायऱ्यांची चढण जेथे सुरू होते, तेथे महिषाचे दगडी शिर आहे. समोर मार्कंडेय ऋषींच्या नावाचा डोंगर आहे आणि गडावरील अठरा हातांची देवी मान किंचित कलती करून ऋषींचे कथन ऐकते, अशी श्रद्धा आहे. युद्ध संपलेले आहे, शत्रूचे शिर खाली पडलेले आहे, आणि विजयी देवता आपल्याच पराक्रमाची कथा श्रोता होऊन ऐकत आहे. कथेचा विषय आणि कथेचा श्रोता एकच असण्याचा हा प्रकार निवेदनशास्त्राच्या अभ्यासकाला मोहात पाडील असा आहे. प्रस्तुत विवेचनापुरता प्रश्न मात्र त्याहून साधा आहे. महिषासुर नेमका कोणत्या घावाने मेला, आणि आधीच्या घावांनी का मेला नाही?

देवीमाहात्म्याच्या तिसऱ्या अध्यायात देवी रेड्याला पाश टाकून बांधते, तर तो रेड्याचे रूप सोडून सिंह होतो. सिंहाचे शिर उतरवावे, तो हाती खड्ग घेतलेला पुरुष उभा राहतो. पुरुषाला बाणांनी विंधावे, तर हत्ती होतो. हत्तीची सोंड छाटली की पुन्हा रेडा. यांतला प्रत्येक घाव एरवी प्राणांतिक म्हणावा असाच आहे. पण घाव पडतो तो रूपावर, आणि रूप टाकून देता येते. अखेरीस देवी झेप घेऊन त्याचा कंठ पायाखाली दाबते, शूल रोवते, तेव्हा तो रेड्याच्या मुखातून अर्धाच बाहेर आलेला असतो. दोन रूपांच्या मधल्या या अवस्थेत टाकून देण्याजोगे रूप त्याच्यापाशी उरत नाही, आणि तेथेच त्याचा शिरच्छेद होतो. आठव्या अध्यायातील रक्तबीजाची कथा याच्याही पुढे जाते. त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की तितक्याच बळाचा दुसरा असुर उभा राहतो. म्हणजे घाव जितका जबर, तितके शत्रू अधिक. चामुंडा ते रक्त जमिनीवर पडूच देत नाही, तेव्हा रक्तबीज मरतो. दोन्ही कथांत निकाल घावाच्या जोरावर लागत नाही. मरण कोणत्या अटीवर येईल हे कथेने आधी ठरवलेले असते, आणि युद्ध म्हणजे त्या अटीचा शोध असतो.

मरणाची अट हा कथनाच्या व्याकरणाचा भाग आहे, हे महाकाव्याच्या अभ्यासकाला नव्याने सांगावे लागत नाही. परंतु गेल्या अर्धशतकात असा एक कथनप्रकार रूढ झाला आहे की, ज्यात ही अट कथेच्या पोटात दडलेली नसते. ती छापील पुस्तकात, कलमे आणि कोष्टके यांच्या रूपाने, कथा घडण्यापूर्वीच लिहून ठेवलेली असते. १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला, आणि त्याच्यामागून अद्भुत विश्वातील भूमिकाखेळांची एक परंपराच सुरू झाली. टेबलाभोवती चार-पाच खेळाडू बसतात. प्रत्येक जण एका पात्राच्या वतीने बोलतो आणि निर्णय घेतो. एक जण सूत्रधार असतो. तो जगाचे वर्णन करतो आणि उरलेली सर्व पात्रे वठवतो. जे घडेल की नाही याचा संशय असतो, त्याचा निवाडा फासे करतात. याला ‘सोंग’ म्हणावे असा मोह होतो. नाशिक आणि पालघर जिल्ह्यांच्या आदिवासी पट्ट्यात बोहाड्यात मुखवटे चढवून, संबळाच्या तालावर देवदानवांची सोंगे नाचवली जातात, आणि तेथेही देवी व महिषासुर यांचे युद्ध हा मोठा भाग असतो. पण बोहाड्यातल्या महिषासुराला आपण पडणार हे ठाऊक असते, आणि पाहणाऱ्यालाही. भूमिकाखेळातल्या वीराला ते ठाऊक नसते. म्हणून ‘भूमिकाखेळ’ हा काहीसा कोरडा शब्दच येथे पत्करलेला बरा.

अशा खेळाची नियमपुस्तिका ही साहित्यकृती नव्हे, हे उघड आहे. छंदःशास्त्राचा ग्रंथही कविता नसतो. तरीही छंदःशास्त्र वाचून कोणती ओळ शक्य आहे आणि कोणती नाही, हे कळते. नियमपुस्तिकेतील मरणाची कलमे याच दृष्टीने वाचावयाची आहेत. कोणत्या प्रकारच्या मरणाची कथा या टेबलावर घडू शकते आणि कोणती कधीच घडू शकणार नाही, हे ती कलमे सांगतात.

या खेळाचा पूर्वज ‘चेनमेल’ हा गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी १९७१ मध्ये सिद्ध केलेला मध्ययुगीन लढायांचा पटखेळ. त्यात साधा सैनिक एका घावात मरतो. ‘वीर’ मात्र चार माणसांच्या बरोबरीचा मानलेला असल्याने त्याच्यावर एकाच वेळी चार प्राणघातक घाव पडावे लागतात. येथपर्यंत मरण हे एका क्षणाचे आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये त्याची जागा एका अंकाने घेतली. प्रत्येक पात्रापाशी ठरावीक अंक असतात, घावागणिक ते वजा होतात, शून्य झाले की पात्र मरते. या अंकाला मराठीत ‘प्राणांक’ म्हणता येईल. त्याच्या जन्माची जी हकीकत आर्नेसन यांनी पुढे सांगितली ती समीक्षकाच्या दृष्टीने मोलाची आहे. एका फाशात वीर मरतो हे खेळाडूंना सोसेना, कारण त्या पात्रांवर त्यांचा जीव जडू लागला होता. म्हणून अमेरिकन यादवी युद्धातील चिलखती जहाजांच्या लढायांसाठी आपण केलेल्या नियमांतून ही कल्पना त्यांनी उचलली. म्हणजे प्राणांकाचा उगम शरीरशास्त्रात नाही आणि युद्धशास्त्रातही नाही. तो वाचकाच्या, येथे खेळाडूच्या, पात्राविषयीच्या ममत्वात आहे. पात्र टिकावे ही इच्छा आधी, आणि तिला सावरणारे गणित मागाहून.

हे गणित जहाजाचे आहे, ही गोष्ट मात्र विसरली गेली. जहाज बुडेपर्यंत तरंगते. माणूस मरेपर्यंत तसा जगत नाही. ज्या वीरापाशी साठ प्राणांक आहेत आणि ज्याचा एकच उरला आहे, ते दोघे या खेळात सारख्याच जोराने तलवार चालवतात, सारखेच धावतात. जखम नावाची अवस्था या संहितेत जवळजवळ नाहीच; आहे ती केवळ शिल्लक. पात्र जसजसे पायऱ्या चढते तसतसे त्याचे प्राणांक वाढतात, म्हणून पहिल्या पायरीवर ज्या कट्यारीने तो मेला असता, तीच कट्यार दहाव्या पायरीवर त्याला ओरखडा काढते. या विसंगतीवर आक्षेप येणारच होते. गायगॅक्स यांनी १९७९ च्या सूत्रधार-ग्रंथात त्यांना उत्तर दिले ते असे की, प्राणांकाचा थोडाच भाग म्हणजे देह; उरलेला भाग म्हणजे कौशल्य, नशीब आणि दैवी कृपा. युक्तिवाद चतुर आहे, पण तो संहितेच्या अंगावर येतो. प्राणांक जर नशीब असतील तर मलमपट्टीने आणि विश्रांतीने ते परत कसे मिळतात? शस्त्राला लावलेले विष नशिबाला बाधते की रक्ताला? उपमेय बदलले आणि उपमान तसेच ठेवले, अशी ही अडचण आहे.

या अडचणीची जाणीव नियमकर्त्यांनाही होती, याचा पुरावा म्हणजे जबर घावाचे कलम. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत आणि २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत ते जवळपास सारखे आहे. एकाच घावात ५० किंवा त्याहून अधिक प्राणांक गेले, तर शिल्लक कितीही असो, पात्राने तगून राहण्यासाठी वेगळा फासा टाकावा; तो फसला तर मरण. हे कलम तर्कतः अनावश्यक आहे. प्राणांकांची वजाबाकी पुरेशी असती, तर त्याची गरज पडली नसती. ते आले, कारण वजाबाकीने चालणाऱ्या जगातून भय निघून गेले होते. दीडशे प्राणांकांच्या वीराला कड्यावरून पडण्याची भीती वाटत नाही. तो पडण्यापूर्वी बेरीज-वजाबाकी करून पाहतो आणि मग उडी घेतो. जबर घावाचे कलम म्हणजे अंकव्यवस्थेने स्वतःच्याच विरुद्ध दिलेली साक्ष होय.

साक्ष मात्र अर्धवट आहे. तिसऱ्या आवृत्तीत तगण्यासाठी वीस पैलूंच्या फाशावर पात्राचा कणखरपणा मिळवून १५ गाठावे लागतात. अनुभवी योद्ध्याचा कणखरपणाच १४ च्या घरात गेला की फाशावर निव्वळ १ पडला तरच तो मरतो, वीसांत एक. उलट याच पायरीवरील दुबळ्या देहाच्या मांत्रिकाचे मरण कितीतरी जवळ असते. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने ५० चा आकडा काढून टाकला आणि नवी अट घातली : घावाने प्राणांक शून्यावर आल्यावर जो घाव उरतो, तो पात्राच्या पूर्ण प्राणांकांइतका किंवा त्याहून अधिक असेल, तर तत्काळ मरण. अट प्रमाणबद्ध दिसते, म्हणून न्याय्यही वाटते. पण आकडे घालून पाहावेत. ज्याचे पूर्ण प्राणांक ८ आहेत असा नवखा वीर १६ च्या घावाने जागीच मरतो. आधीच्या जखमेने ३ उरले असतील तर ११ पुरतात. पहिल्याच गुहेत हे घडू शकते. ज्याचे प्राणांक १२० आहेत आणि २० उरले आहेत, त्याला एका घावात १४० लागावे लागतात. हे बहुधा कधी घडत नाही. म्हणजे जबर घावाचे कलम आता नवख्यांपुरतेच जिवंत आहे. थोरांना ते लागू आहे, पण लागत नाही.

महाकाव्यांतली व्यवस्था याच्या नेमकी उलट आहे, आणि या विवेचनाचा गाभा तोच आहे. महाभारतात अठरा अक्षौहिणी सैन्य मरते. त्या मरणाला अट नाही, नाव नाही, ते खरोखर वजाबाकीने मरते. अट आहे ती थोरांना. लोकप्रसिद्ध कथेतील जरासंधाची दोन शकले उलटसुलट दिशांना टाकावी लागतात. जयद्रथाचे शिर जो जमिनीवर पाडील त्याचेच मस्तक शतधा फुटेल, म्हणून ते त्याच्या पित्याच्या मांडीवर नेऊन पाडावे लागते. दुर्योधनाची मांडी, द्रोणांनी खाली ठेवलेले शस्त्र, कर्णाला ऐन वेळी न आठवणारे अस्त्र : प्रत्येकाला स्वतःचे असे एक द्वार आहे आणि मरण तेथूनच येते. थोरवी म्हणजे मरणापासून दूर असणे असा अर्थ येथे नाही. मरणाची अट स्वतःची असणे, हा आहे. भूमिकाखेळाच्या प्रमुख परंपरेने थोरवीचा अर्थ शिल्लक असा केला, आणि म्हणून तिच्या थोर वीरांचे मरण बहुधा किरकोळ घावांच्या रांगेतल्या शेवटच्या घावाने येते. असे मरण करुण नसते. हिशेब संपल्यासारखे असते.

मर्माची ही कल्पना केवळ काव्यगत नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात १०७ मर्मे सांगितली आहेत आणि त्यांचे वर्गीकरण घावाच्या परिणामावरून केले आहे. १९ सद्यःप्राणहर, ३३ कालांतरप्राणहर, ३ विशल्यघ्न, ४४ वैकल्यकर आणि ८ रुजाकर. प्राणांतिक घावाचे याहून बारकाईचे कोष्टक कोणत्याही नियमपुस्तिकेत सापडणे कठीण आहे, आणि त्याचे वैशिष्ट्य असे की, त्यात मोजले आहे ते घावाचे बळ नव्हे, तर स्थान आणि काळ. लगेच मारणारे मर्म, काही दिवसांनी मारणारे मर्म, जन्मभराचे व्यंग देणारे, केवळ वेदना देणारे. यांतील विशल्यघ्न हा प्रकार कथनाच्या दृष्टीने विलक्षण आहे. बाण रुतलेला आहे तोवर माणूस जगतो. उपसला की मरतो. म्हणजे जे मारणार तेच तोवर जगवते आहे. शरशय्येवरील भीष्मांकडे दुर्योधन शल्य उपसणारे वैद्य घेऊन येतो आणि भीष्म त्यांना परत पाठवतात, हा प्रसंग येथे आठवतो. त्यांना इच्छामरणाचा वर आहे, हे खरे. तरी बाण न उपसण्याने त्या वराला एक देह मिळतो.

याच संदर्भात एक मराठी उदाहरण घेता येईल. १६६० साली घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे लढले ते, लोकस्मृती सांगते त्याप्रमाणे, घावांनी चाळण झालेल्या देहानिशी, विशाळगडावर तोफा होईपर्यंत. इतिहासकार यातील तोफांविषयी काय म्हणतील तो प्रश्न वेगळा. परंपरेने या मरणाला जो घाट दिला त्यात घाव प्राणांतिक आहे आणि मरण थांबलेले आहे. त्याची अट देहात नाही, गडावर आहे. पाचव्या आवृत्तीच्या नियमांनी हा प्रसंग खेळून पाहावा. प्राणांक शून्य होताच बाजी बेशुद्ध पडतील. मग प्रत्येक फेरीत वीस पैलूंचा फासा : १० किंवा अधिक पडला तर यश, कमी पडला तर अपयश; तीन यशे झाली तर प्रकृती स्थिर, तीन अपयशे झाली तर मरण. शून्याच्या अलीकडे ते पूर्णतः धडधाकट, पलीकडे पूर्णतः आडवे. मरत असताना लढणे ही अवस्थाच या मूळ नियमांच्या व्याकरणात नाही. पोवाड्याचा जो प्राण, तो येथे उच्चारताच येत नाही.

या तीन फाशांना मात्र सरसकट नाकारणे योग्य होणार नाही. भरताने मरण या व्यभिचारी भावाचा विचार करताना व्याधीने येणारे आणि आघाताने येणारे असे दोन भेद केले. शस्त्राच्या घावाने मरणाऱ्याने एकदम भूमीवर पडावे. विषाने मरणाऱ्याचा अभिनय मात्र आठ वेगांतून जावा : कृशता, कंप, दाह, उचकी, तोंडाला फेस, मान मोडणे, जडता आणि मरण. मरणाला पायऱ्या दिल्या की प्रेक्षकाला त्या मोजाव्या लागतात, आणि मोजणे हेच भय होते. पाचव्या आवृत्तीतील तीन अपयशे हा असाच वेगक्रम आहे. सोबत्याने धावत जाऊन हात लावला तर तो तुटतो, म्हणून बाकीच्यांनी लढाई सोडावी की सोबती वाचवावा, हा खरा नाट्यप्रश्न तेथे निर्माण होतो. फरक इतकाच की, विषवेगाच्या प्रत्येक पायरीला स्वतःचे रूप आहे, तर तीन अपयशांना केवळ क्रमांक आहेत. ते रूप भरण्याचे काम सूत्रधाराच्या वाणीवर सोडले आहे, आणि सगळे सूत्रधार वाणीचे धनी नसतात.

प्रमुख परंपरेबाहेर मर्माकडे वळण्याचे प्रयत्न झाले आहेत, त्यांचीही दखल घ्यावयास हवी. १९७८ च्या ‘रुनक्वेस्ट’मध्ये अनुभवाने प्राणांक फुगत नाहीत; शिवाय घाव कोणत्या अवयवावर पडला हे फासा सांगतो, आणि म्हणून डोक्यावरचा एखादा आडवातिडवा घाव मुरलेल्या वीरालाही पुरतो. १९८० च्या ‘आर्म्स लॉ’ने याहून धीट पाऊल टाकले. त्यात जबर घावांची लांबलचक कोष्टके आहेत; शस्त्राची जात आणि फाशाचा अंक यांच्या छेदावर एक-दोन वाक्यांचे वर्णन मिळते : कोणते हाड मोडले, शत्रू किती फेऱ्या भेलकांडत राहील, केव्हा कोसळेल. कोष्टकाची चौकट हे येथे लघुतम कथन झाले आहे. दोष असा की, तेच वाक्य तिसऱ्यांदा आले की टेबलावर हशा पिकतो. छापील मरणाला पुनरुक्तीचे मरण असते. तरीही अंकाऐवजी वाक्य हाती देणारा हा प्रयोग अभ्यासकांनी अधिक गंभीरपणे वाचावयास हवा. १९८६ च्या ‘वॉरहॅमर फँटसी रोलप्ले’ने पात्राला मोजके दैवगुण दिले. एक खर्चला की निश्चित मरणातून सुटका होते, पण तो पुन्हा सहजी मिळत नाही. वर आणि शाप यांच्या व्यवस्थेच्या सर्वांत जवळ येणारे असे हे कलम आहे. वर दिला की त्याची मोजणीही सुरू होते, ही पुराणातली समजूत येथे नकळत उतरली आहे.

यापुढचा प्रश्न कर्तृत्वाचा आहे. महाकाव्यात मरण कवी देतो. येथे कोण देतो? नियम म्हणतात, फासा. प्रत्यक्षात सूत्रधारासमोर पुठ्ठ्याचा आडोसा असतो आणि त्यामागे तो आपले फासे टाकतो. प्राणांतिक घाव पडलेला पाहून, एखाद्या खेळाडूचा चेहरा पाहून, तो आकडा बदलून सांगू शकतो, आणि अनेक सूत्रधार तसे करतात. होइझिंगा यांनी ‘होमो लुडेन्स’ (१९३८) मध्ये लबाड खेळाडू आणि खेळ मोडणारा यांत भेद केला आहे. लबाड खेळाडू नियम पाळल्याचे सोंग तरी करतो, म्हणून खेळाचे जग शाबूत राहते. खेळ मोडणारा ते जगच उधळतो, आणि म्हणून समाज लबाडाला अधिक सहज क्षमा करतो. आडोशामागचा दयाळू सूत्रधार या हिशेबाने लबाड ठरतो, आणि त्याची लबाडी ही खेळाचे जग राखण्यासाठीच असते. तरी तिची किंमत असते. ज्या टेबलावर सूत्रधार मरण देत नाही हे एकदा कळले, तेथे त्याने पुढे दिलेले मरण हे नियमाचे राहत नाही. ते त्याचे, व्यक्तिशः त्याचे, होते. खेळाडू मग फाशाला नव्हे, माणसाला दोष देतो, आणि तोही योग्यच.

फासा निर्घृण असला तरी निरर्थक असतोच असे नाही. ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्राच्या नवव्या प्रकरणात आर्गॉस येथील मितिसच्या पुतळ्याचा दाखला दिला आहे. मितिसचा खुनी तो पुतळा पाहत असताना पुतळा त्याच्याच अंगावर कोसळला. घटना योगायोगाची, पण तिच्यात हेतू दिसतो, आणि असा योगायोग निव्वळ योगायोगापेक्षा अधिक थक्क करतो. भूमिकाखेळात फाशाने आलेले मरण पहिल्या क्षणी कोरा अपघात असते. मग टेबलावरची मंडळी मागे वळून पाहतात. त्या वीराने पुलावर कोणाला सोडून दिले होते, कोणते वचन मोडले होते, हे त्यांना आठवू लागते. मर्म आधी नव्हते. मरणाने ते मागाहून निर्माण केले. महाकाव्यात अट आधी आणि मरण नंतर. येथे मरण आधी आणि अट नंतर. ही या कथनप्रकाराची स्वतःची, उसनी नसलेली शक्यता आहे, आणि जबर घावाचे कलम जितके बोथट होत जाते तितकी ती आक्रसते. नवख्याच्या मागे आठवावे असे काही साठलेले नसते. ज्याच्यामागे साठलेले असते त्याला आता मरण येत नाही.

उरला पुनरुज्जीवनाचा मुद्दा. १९७८-७९ च्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘ॲडव्हान्स्ड’ आवृत्तीत मेलेला वीर मंत्राने उठवता येत असे, पण दर खेपेस त्याच्या देहबळाचा एक अंक कायमचा जाई, आणि उठण्याच्या वेळांनाही मर्यादा होती. पाचव्या आवृत्तीत हा भार पुष्कळसा हलका झाला. तेथे मुख्यतः हिरा लागतो, पाचशे सुवर्णनाण्यांच्या किमतीचा, आणि काही दिवसांचा अशक्तपणा. मरण म्हणजे खर्चाची बाब झाली. कोणी म्हणेल की खेळात मेलेला परत येणारच, एरवी तो खेळ कसला? या आक्षेपाला उत्तर द्यायला दूर जावे लागत नाही. महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावच्या मैदानात ते आहे. हुतूतूत बाद झालेल्या गड्याला मुले सरळ ‘मेला’ म्हणतात, आणि परत आलेल्याला ‘जिवंत झाला’. या खेळाचे जे तीन जुने प्रकार सांगितले जातात, ते मरणाचेच तीन नियम आहेत. अमर प्रकारात शिवलेला गडी मैदानातच राहतो, समोरच्यांना फक्त गुण मिळतो. गनिमी प्रकारात मेलेला गडी आपला सगळा संघ मरेपर्यंत बाहेर बसतो. संजीवनी प्रकारात आपल्या बाजूने शत्रूचा एक गडी मारला की आपला एक गडी जिवंत होतो, आणि ज्या क्रमाने गडी मेले त्याच क्रमाने ते उठतात. आजची कबड्डी या तिसऱ्या प्रकारावर उभी आहे.

अमर प्रकार मागे पडला आणि संजीवनी टिकली, याची कारणे क्रीडेच्या इतिहासकारांनी शोधावीत. कथनाच्या दृष्टीने एवढे दिसते की, संजीवनीत परत येणे फुकट नाही आणि विकतही नाही. बाद झालेल्या गड्याला स्वतःसाठी काहीच करता येत नाही. त्याच्यापाशी हिरा नसतो, फासाही नसतो. तो रेषेबाहेर आपल्या क्रमाने बसलेला असतो आणि पलीकडच्या अंगणात चढाई करणाऱ्या सोबत्याच्या न तुटणाऱ्या दमाकडे कान लावून असतो.